तावडेकाकांची दहा बोटं

विश्राम तावडे नमस्कार करतात तो मुठी आवळून. दोन मुठी छातीशी एकमेकींना टेकवायच्या, मान खाली घालायची, की झाला नमस्कार. नव्या माणसाला वाटतं, हे गृहस्थ आता आपल्याला एक ठेवून देणार. मला बँकेत नोकरी लागली तेव्हा मी पेढे घेऊन गेले आणि पाया पडायला वाकले, तर त्यांनी आशीर्वाद म्हणून माझ्या पाठीवर मूठ ठेवली. ती जरा जोरातच बसली. आईने दारातून पाहिलं आणि तिला वाटलं, पेढा वासाचा निघाला.

हा सगळा बंदोबस्त बोटांच्या ठशांसाठी. आपले ठसे कोणीतरी चोरणार, त्यांची नक्कल करणार आणि त्या नकली बोटाने जगात काय वाटेल ते करणार, याबद्दल काकांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. आमची चाळ परळला, भोईवाड्याच्या कोर्टामागच्या गल्लीत. तिसऱ्या मजल्यावर सोळा नंबरची खोली त्यांची, सतरा आमची. त्यामुळे गेली पंधरा वर्षं हा बंदोबस्त मी अगदी जवळून पाहिला.

सुरुवातीला त्यांनी पांढरे सुती हातमोजे घातले. चाळीने त्यांचं नाव लगेच मोजेकाका ठेवलं. मग एक दिवस त्यांच्या लक्षात आलं, की मोज्याच्या आतल्या बाजूला ठसे राहत असणार. त्यांनी गॅलरीत बादली ठेवून तिच्यात मोजे जाळले. नाव मात्र राहिलं.

त्यानंतर खिशात स्पिरिटचा नॅपकीन आला. बोट कुठेही लागलं, की आधी ती जागा पुसायची आणि मग बोटं. आमच्याकडे चहा प्यायले, की कप, कपाचा कान, बशी, सगळं पुसून परत. आई म्हणायची, असा पाहुणा सगळ्यांना मिळो, विसळायचं कामच नाही. दाराची बेल ते कोपराने वाजवायचे. वडापाव कागदातून खायचे आणि तो कागद घडी करून घरी आणायचे, कारण कागदावर तेल आणि तेलावर बोट. "तेलातलो ठसो सगळ्यात वायट," ते मला सांगायचे. "स्पष्ट उठता."

त्यांचा हिशेब साधा होता. "पासवर्ड चोरलो तर बदलूक येता. अंगठो बदलूक येता काय? देवान धाच दिल्यान. जपून वापर गो ज्योती."

फोनला कुलूप मात्र त्यांना हवं होतं. पासवर्ड खांद्यावरून कोणी बघेल, आणि हाताच्या बोटाचा तर प्रश्नच नाही. आठवडाभर विचार करून त्यांनी उजव्या पायाच्या अंगठ्याशेजारचं बोट फोनला दिलं. "पायाच्या बोटाक कोण इचारता?" तेव्हापासून फोन उघडायचा म्हणजे चप्पल काढायची, खाली बसायचं, फोन जमिनीवर ठेवायचा आणि बोट टेकवायचं. रेशनच्या रांगेत, दवाखान्यात, माटुंग्याच्या मार्केटात, कुठेही. एकदा आमच्या बँकेत कॅश काउंटरसमोर ते असे बसले. वॉचमनला वाटलं म्हाताऱ्याला चक्कर आली. तो पाणी घेऊन धावला. काकांनी ग्लास दोन मनगटांमध्ये धरून पाणी प्यायलं, त्याला थँक्यू म्हटलं आणि पुन्हा पायाचं बोट फोनवर ठेवलं.

दुसऱ्यांच्या बोटांचीही त्यांना तेवढीच काळजी. चाळीतल्या कुठल्याही मुलीच्या मेंदीचे फोटो ग्रुपवर आले, की ते घरी जाऊन तिच्या बापाला बजावायचे, की पोरीची दहाही बोटं तुम्ही आख्ख्या नातेवाइकांत वाटली आहेत. एका वर्षी मंडळाची मंडळी मूर्ती ठरवायला लालबागच्या कारखान्यात गेली, तर हे बरोबर. मूर्तिकाराला म्हणाले, "आशीर्वादाचो हात उघडो असता, तेची बोटां गुळगुळीत ठेवा. रेषा नकोत. हजारो लोक फोटो काढतत."

मूर्तिकार म्हणाला, "काका, देवाच्या अंगठ्यावर कोण काय काढणार?"

"सुरुवात तशीच होता," काका म्हणाले.

हे कुठून आलं तेही सांगते. काका शिवडीला एका रंगाच्या कारखान्यात टाइमकीपर होते. पूर्वी हजेरी रजिस्टरात असायची. काका नाव पुकारायचे, माणूस 'हजर' म्हणायचा, काका त्याच्या तोंडाकडे बघून खूण करायचे. मग अंगठ्याचं मशीन आलं आणि काकांना त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसवलं. गोडाउनमधले सुर्वे नावाचे एक गृहस्थ गावी गेले. जाण्यापूर्वी त्यांनी मेणात अंगठा दाबून, त्या खळग्यात डिंक ओतून एक जादा अंगठा तयार केला आणि मित्राकडे ठेवला. मित्र इमानी. मुठीत लपवून रोज दोनदा तो लावायचा. तिकडे गावी सुर्वे हार्ट अटॅकने गेले. बातमी शिवडीला पोचायला तीन दिवस लागले. त्या तीन दिवसांत मशीनप्रमाणे सुर्वे वेळेवर येत होते, वेळेवर जात होते, आणि दुसऱ्या दिवशी तर चार तास ओव्हरटाइम करून गेले होते.

मॅनेजरने काकांना बोलावून विचारलं, "तावडे, हा माणूस मेला कधी?"

"सोमवारी, साहेब," काका म्हणाले. "पण गुरुवारपर्यंत आपल्याकडे होता."

त्या दिवसापासून त्यांच्या तोंडी एक वाक्य बसलं. "ठसो हजर म्हणजे माणूस हजर नाय." कोणी वाद घालायला लागलं, की ते एवढंच म्हणायचे आणि उठून जायचे.

मी हसायचे. मी स्वतः रोज सकाळी बोट लावून बँकेचा कॉम्प्युटर उघडते. मग एक दिवस मासे विकणाऱ्या एक मावशी आमच्या शाखेत आल्या. त्यांनी कधीतरी कुठल्याशा कागदावर दिलेला अंगठा कोणीतरी उचलला होता, आणि कुठल्या तरी लांबच्या गावात त्या अंगठ्याने त्यांचं खातं रिकामं केलं होतं. मावशी आपला अंगठा माझ्यासमोर धरून विचारत होत्या, "ह्यो तर हितंच हाय ना गं?" त्या संध्याकाळी काकांनी आमच्याकडे कप पुसला तेव्हा मी हसले नाही. नॅपकीन मागून घेतला आणि माझाही कप पुसला.

या माणसाशी संसार केला मालतीकाकींनी. त्यांचा हात सतत कशात तरी बुडालेला. पीठ, हळद, माशांचं वाटण. त्याच हाताने त्या कपाट उघडायच्या, रेडिओ लावायच्या, शेजाऱ्यांच्या पोरांचे गाल ओढायच्या. काकी पुढे आणि नॅपकीन मागे, असा तो संसार चालला. काकी त्यांना 'आमचो फरासखानो' म्हणायच्या, का ते मला अजून कळलेलं नाही.

वर्षातून एकदा मात्र खरं भांडण व्हायचं, गौरीला. आम्ही बौद्ध, आमच्या घरी गौरी नसतात. पण काकींच्या गौरीचं पहिलं ताट आईकडे यायचं आणि भीमजयंतीची आमची खीर पहिली त्यांच्याकडे जायची. गौरी घरात येते ती पावलांनी, आणि ती पावलं हाताने काढतात. तांदळाच्या पिठाच्या पाण्यात मुठीची कड बुडवून जमिनीवर टेकवायची, ते झालं तळपाऊल. मग बोटांच्या टोकांनी वर पाच ठिपके, ती पायाची बोटं. उंबऱ्यापासून चुलीपर्यंत काकी अशी अठरा पावलं काढायच्या.

"एका पावलाक पाच," काका कपाळाला मूठ लावायचे. "नव्वद ठसे! दारात! येणारा-जाणारा बघता!"

"मगे गौर काय हातमोजे घालून येतली?" काकी म्हणायच्या, आणि पुढचं पाऊल मुद्दाम जास्त दाबून काढायच्या. गौर गेली, की काका फडकं घेऊन लगेच सगळं पुसायचे.

तीन वर्षांपूर्वी काकींचे गुडघे फारच धरले. "दरवर्षी माका वाकूक होवचा नाय," त्या म्हणाल्या. "एकदाच काढतंय, कायमची." काका बाजारात गेले होते. काकांना निवृत्तीला कारखान्याने पांढऱ्या ऑइलपेंटचा एक डबा दिला होता, तो काकींनी फोडला आणि अठराच्या अठरा पावलं ऑइलपेंटने काढली. काका परत आले तेव्हा रंग वाळला होता. तिसऱ्या मजल्यावर इतका आरडाओरडा मी त्याआधी ऐकला नव्हता.

गौर जाईपर्यंत काका थांबले. मग टर्पेंटाइन आणि ब्लेड घेऊन जमिनीवर बसले आणि आठ दिवस एकेक पाऊल खरवडून काढलं. काकी पलंगावर बसून बघत होत्या. एरवी त्या गप्प बसणाऱ्यातल्या नव्हेत. त्या आठ दिवसांत त्या एक शब्द बोलल्या नाहीत, एवढं मला पक्कं आठवतं.

त्याच थंडीत दोन दिवसांच्या तापाचं निमित्त होऊन काकी गेल्या. स्मशानातही काकांनी मुठी उघडल्या नाहीत. त्या दिवशी मात्र त्यावर कोणी हसलं नाही.

या वर्षी होळीनंतर आमची चाळ पाडून टॉवर बांधायचं नक्की झालं. त्याआधी प्रत्येक खोलीतल्या माणसाने सर्व्हेच्या मशीनवर अंगठा द्यायचा होता. तळमजल्यावर टेबल टाकलं, चार दिवस ठरले. जो अंगठा देणार नाही तो यादीत अपात्र, म्हणजे त्याला नवी खोली नाही. आख्खी चाळ पहिल्याच दिवशी रांगेत उभी राहिली. काका दुसऱ्या दिवशी खाली आले, पण अंगठा द्यायला नाही.

"ह्या मशीनच्या पोटात गेलो की ठसो पुढे खंय जाता?" त्यांनी टेबलावरच्या मुलीला विचारलं.

"सर्व्हरला, काका."

"सर्व्हर खंय असा?"

"माहीत नाही."

"त्या खोलीची चावी कोणाकडे?"

"काका, मला फक्त हा टॅब दिलाय."

"तुझो स्वतःचो ठसो दिलंस?"

"दिला ना. रोज लॉगिन करते."

"मगे तू गेलंस," काका म्हणाले आणि जिना चढून वर आले. ती मुलगी बराच वेळ आपला अंगठा उलटासुलटा करून बघत बसली होती, असं आई म्हणाली.

चौथ्या दिवशी मी रजा टाकून घरी होते. चाळ कमिटीचे शिर्केभाऊ धापा टाकत आले. "ज्योती, सहाला मशीन उचलणार. एका अंगठ्यापायी म्हातारा रस्त्यावर येईल यार. तुझं ऐकतो तो. बघ ना काहीतरी."

मी सोळा नंबरमध्ये गेले. काका तांदळाच्या पिंपावर बसले होते. मी बँकेतली सगळी हुशारी वापरली. म्हटलं, काका, तुमचं म्हणणं चूक नाही. चोऱ्या होतात, मी बघितल्यात. पण नंतर आधारवर बोटांना कुलूप लावता येतं, मी लावून देईन. खोली गेली तर ती परत कशी आणणार?

"जाऊंदे," काका म्हणाले.

"आणि राहणार कुठे?"

काका उठले, पिंपाला खांदा लावला आणि ते बाजूला सरकवलं. पिंपाखालच्या लादीवर एक पांढरं पाऊल होतं. त्याची पाचही बोटं रेषांसकट उठली होती. दुसऱ्या बोटावर एक आडवी फट होती. ती मी लगेच ओळखली. काकींचं बोट विळीवर कापलं होतं तेव्हा पट्टी मीच बांधली होती.

"रंग वाळल्यार पिंप हेच्यार सरकवलेला, म्हणान माका दिसला नाय," काका म्हणाले. "ती गेल्यावर सहा महिन्यांनी पिंप सरकवलंय, तेव्हा गावला. सतरा मी खरवडलंय गो. ह्या हातांनी. ती थयसर बसान बघी होती." मग म्हणाले, "मी अंगठो दिलंय की ह्या घर तोडतले. मगे हिका मी खंय ठेवू?"

म्हणजे सर्व्हर, चावी, डेटा हे सगळं खरं होतंच, पण चार दिवस हा माणूस पिंपावर बसून होता तो यासाठी. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. काका आपले दोन्ही मुठींनी डोळे पुसत होते.

माझा मामा लाद्या बसवायचं काम करतो. त्याला फोन केला, तो लालबागहून छिन्नी-हातोडा घेऊन अर्ध्या तासात आला. लादी अख्खी काढायची म्हटल्यावर तो म्हणाला, जुनी आहे, फुटली तर मी जबाबदार नाही. काका त्याच्या डोक्याशी उभे. छिन्नीचा प्रत्येक ठोका पडला, की म्हणायचे, "हळू रे, तिका लागात." मामाला वाटलं, ती म्हणजे मी, आणि तो दर ठोक्याला मला म्हणत होता, ज्योती, तू जरा लांब हो. दीड तासाने लादी सुटली. एक कोपरा उडाला, पावलाला धक्का नाही. काकांनी ती काकींच्या सुती पातळात गुंडाळून पलंगावर ठेवली आणि म्हणाले, "चल."

सहाला दहा कमी होते. मोजेकाका अंगठा देतायत ही बातमी आमच्याआधी खाली पोचली होती. जिन्यावर, गॅलऱ्यांतून माणसं वाकून बघत होती. काकांनी टेबलासमोर बसून उजवी मूठ उघडली. पंधरा वर्षांत तो तळहात असा पसरलेला चाळीतल्या कोणी पाहिला नव्हता. अंगठा मशीनवर टेकला.

मशीन म्हणालं, पुन्हा प्रयत्न करा.

पुन्हा केला. मग तर्जनी, मधलं, अनामिका, करंगळी. मग डावा हात. दहाही बोटं झाली. मुलीने काकांचा हात हातात घेऊन उजेडात धरला.

"काका, तुमच्या बोटांवर रेषाच नाहीत."

"चोरल्यानी!" काका ओरडले. "सांगी होतंय मी! चोरल्यानी मेल्यांनी!"

जिन्यावर कोणीतरी फसकन हसलं. मी काकांच्या खिशातला नॅपकीन काढून टेबलावर ठेवला. त्याचा स्पिरिटचा वास सगळ्यांना आला. काका त्याच्याकडे बघत राहिले, मग आपल्या गुळगुळीत बोटांकडे. "नाय गो," ते हळूच म्हणाले. "मीच पुसलंय."

शिर्केभाऊंचा जीव टांगणीला लागला होता. पण त्या मुलीने वरच्या साहेबाला फोन केला आणि कळलं, की ठसा उठत नसेल तर मोबाईलवर आलेला ओटीपी चालतो. ओटीपी आला. मोबाईल कुलूपबंद. काकांनी चप्पल काढली, टेबलासमोरच जमिनीवर बसकण मारली, फोन जमिनीवर ठेवला आणि उजव्या पायाचं बोट टेकवलं. फोन पहिल्या झटक्यात उघडला. सहाला दोन मिनिटं असताना विश्राम तावडे पात्र झाले आणि चाळीने टाळ्या वाजवल्या. काकांनी मुठी जोडून सगळ्यांना नमस्कार केला.

आता टॉवर होईपर्यंत आम्ही करी रोडला ट्रान्झिटच्या इमारतीत राहतो, आम्ही चौथ्या मजल्यावर, काका अकराव्या. लिफ्टचं बटण ते छत्रीच्या टोकाने दाबतात.

परवा गौरी आल्या. आई म्हणाली, यंदा काकांकडे पावलं कोण काढणार, जा, बघून ये, लागलं तर तूच काढ. मी अकराव्या मजल्यावर गेले. दार उघडंच होतं. उंबऱ्यापासून आत ओली पांढरी पावलं गेली होती, जराशी वाकडी, कुठे मोठी, कुठे बारकी. मी मोजत गेले. सतरा होती. त्यांच्या बोटांचे ठिपके साफ गुळगुळीत, एकातही रेघ नाही. सतरावं पाऊल संपत होतं तिथे ओट्याखाली ती उडालेल्या कोपऱ्याची लादी होती.

काका तिच्याजवळ बसले होते, हात मनगटापर्यंत पिठाने माखलेले, तळवे उघडे.

"माझी चालतत," ते मला म्हणाले. "आता तेंच्यात चोरूसारख्या काय उरूक नाय."

मग त्यांनी टाइम ऑफिसातल्या आवाजात पुकारलं, "मालती विश्राम तावडे." थोडं थांबले. वाकून लादीवरच्या त्या फट पडलेल्या बोटावर आपलं बोट टेकवलं आणि स्वतःच म्हणाले, "हजर."

बोट बराच वेळ तिथेच होतं. उचललं तेव्हा काकींच्या ठशाला लागून पिठाचा एक बिनरेघांचा डाग राहिला होता. काकांनी तो पुसला नाही.